दाढ योजनेबाहेर राहिली, त्याची कुळकथा

आंजर्ल्यात रात्री दाढ ठणकली की लवंग दाबायची आणि सकाळी दापोली गाठायची. दवाखान्यात रेशनकार्ड पुढे केलं की उत्तर ठरलेलं : रूट कॅनाल सरकारी आरोग्य योजनेत बसत नाही. त्याच गावचा एखादा घाटात दुचाकीवरून पडला आणि जबडा मोडला, तर प्लेट बसवायची शस्त्रक्रिया मात्र बसते.

या भेदाचं मूळ १९९७ च्या जीवनदायी योजनेत आहे. ती निघाली हृदय, मेंदू, मूत्रपिंड अशा, गरिबाचं घरदार विकायला लावणाऱ्या दुखण्यांसाठी. दाढेनं कुणाचं घर विकलं जात नाही. पुढे आंध्रात २००७ साली आरोग्यश्री आली आणि तिच्या धर्तीवर २ जुलै २०१२ ला आपल्याकडे राजीव गांधी जीवनदायी, आधी आठ जिल्ह्यांत. रत्नागिरीचा नंबर दुसऱ्या टप्प्यात, २०१३ च्या अखेरीस लागला. कुटुंबाला वर्षाला दीड लाख, उपचार ९७१. २०१७ मध्ये योजनेला महात्मा फुल्यांचं नाव आलं, नंतर आयुष्मान भारतची जोड मिळाली, मर्यादा पाच लाखांवर गेली. पण पाया तोच राहिला, रुग्णालयातली खाट. दंतवैद्याकडे असते खुर्ची.

बिलाचे नियमही खाटेभोवतीच बेतलेले. रुग्णालयातला योजनेचा माणूस, म्हणजे आरोग्यमित्र, कार्ड तपासतो, उपचाराआधीच्या परवानगीसाठी प्री-ऑथ जातं, मंजुरी येते. मोडलेल्या जबड्याचा एक्स-रे आधीचा आणि प्लेट बसल्यानंतरचाही लागतो, डिस्चार्जचा कागद लागतो, मग क्लेम. एक कागद राहिला की पैसे अडकलेच. पॅकेजमधल्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नाहीत. ही कागदांची अट जाचक वाटते, पण दाताच्या फटीत भरलेलं सिमेंट तपासायला मुंबईहून कोण येणार? माझ्या मते सरकार दाताला बिचकतं ते यामुळेही.

बिचकण्याला जुना दाखला आहे. ब्रिटननं १९४८ मध्ये दातांचे उपचार मोफत केले आणि कवळ्यांसाठी एवढी झुंबड उडाली की १९५१ मध्ये त्यांच्यावर शुल्क लावावं लागलं. ती मोफत सेवा उभारणाऱ्या अन्यूरिन बेव्हन यांनी त्यावरून मंत्रिपद सोडलं.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. तेव्हा दाढ दुखली तर खासगीत खिसा मोकळा करण्याआधी दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात विचारून या. आणि जबडा मोडलाच, तर पैसे भरण्याआधी आरोग्यमित्राला गाठा.