शब्दांविना प्रहसन : रने क्लेर आणि लाबीश

यूजेन लाबीश आणि मार्क-मिशेल यांचे ‘अँ शापो द पाय दिताली’ (इटलीची गवती टोपी) हे पाच अंकी प्रहसन १४ ऑगस्ट १८५१ रोजी पॅरिसमध्ये पॅले-रोयालच्या रंगभूमीवर प्रथम सादर झाले. फादिनारच्या लग्नाच्याच दिवशी त्याचा घोडा एका विवाहितेची टोपी खातो. ती प्रियकराच्या सहवासात असल्याने टोपीविना घरी परतणे तिला शक्य नसते. तशीच दुसरी टोपी मिळविण्यासाठी नवरदेव धावू लागतो आणि सारे वऱ्हाड त्याच्यामागे फरफटत जाते. या प्रहसनावरील रने क्लेरचा मूकपट १९२८ साली प्रदर्शित झाला.

ही निवड सकृद्दर्शनी विसंगत वाटते. लाबीशचे प्रहसन स्वगते, शाब्दिक गैरसमज आणि मधूनमधून गायिल्या जाणाऱ्या कडव्यांवर उभे आहे; उलट ‘आंत्राक्त’ (१९२४) या लघुपटात क्लेरने कथानकाचीच बंधने झुगारली होती. परंतु ‘आंत्राक्त’मधील सुसाट सुटलेल्या शववाहिकेमागे धावणारी प्रेतयात्रा आठवली, की लाबीशच्या वऱ्हाडाशी तिचे नाते उघड होते. क्लेरने संहितेतून संवाद न घेता गती घेतली.

ही गती संहितेत मुळातच होती. बर्गसाँने ‘ल रीर’ (१९००) या ग्रंथात हास्याची यांत्रिकता विशद करताना याच प्रहसनाचा दाखला दिला आहे : नायक ज्या टोपीपर्यंत अखेर पोहोचतो, ती घोड्याने खाल्लेलीच टोपी असते. ही वर्तुळाकार रचना वस्तूच्या आधारे चालते, शब्दांच्या नव्हे. म्हणूनच महापौराच्या भाषणप्रसंगी एक पत्नी नवऱ्याला गळपट्टा सावरण्याची खूण करते आणि उपस्थित सारे पुरुष आपापले गळपट्टे चाचपू लागतात, तेव्हा लाबीशचा उपहास एकाही शब्दाविना साकार होतो. बहिऱ्या काकाचे उदाहरण अधिक बोलके आहे. रंगमंचावर त्याच्या विसंगत उत्तरांवर हशा पिकतो. मूकपटात प्रेक्षकही त्याच्याइतकाच बहिरा असतो. आणि हवी असलेली टोपी शेवटी निघते ती त्याच्याच आहेरातून.

मात्र या माध्यमांतराची किंमतही नोंदविली पाहिजे. १८५१च्या प्रेक्षकाला रंगमंचावर आपलाच समकालीन मध्यमवर्ग दिसत होता. क्लेरने काळ बदलून १८९५ केला. ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये चलच्चित्रांचा पहिला सशुल्क खेळ केला, ते हे वर्ष. या बदलामुळे चित्रपटाला स्वतःच्या जन्मकाळाकडे वळून पाहता आले. परंतु हसण्याचा विषय आता मागील पिढी झाली आणि उपहासाची धार काहीशी सुरक्षित झाली. त्यामुळे क्लेरची मूळ कृतीवरील निष्ठा रचनेपुरती पूर्ण, तर सामाजिक आशयाच्या बाबतीत अंशतःच खरी ठरते. माध्यमांतराची चिकित्सा केवळ संवादांच्या तुलनेवर थांबली, तर यांपैकी कोणतीही बाजू हाती लागत नाही.