सोहोचा तळमजला: कागदावर मनाई, रस्त्यावर बाजार

न्यूयॉर्कच्या दक्षिण मॅनहॅटनमधील सोहो या भागाचे छायाचित्र इतिहासप्रेमींनी कधी ना कधी पाहिलेले असते. बिडाचे नक्षीदार खांब, उंच खिडक्या, दर्शनी भागावरून उतरणारे लोखंडी जिने, वरच्या मजल्यांवर कोट्यवधींची घरे आणि खाली नामांकित कंपन्यांची दुकाने. जुनी कारखान्याची इमारत राखावी, वर निवास आणि खाली किरकोळ विक्री ठेवावी, हा नमुना जगभरच्या शहरांनी सोहोकडे पाहून उचलला. मात्र खुद्द सोहोच्या बहुतांश भागात विशेष परवान्यावाचून तळमजल्यावर दुकान काढण्यास २०२१च्या डिसेंबरपर्यंत मनाई होती आणि वरच्या लॉफ्टमध्ये राहण्याची मुभा फक्त कलावंताला होती. आजचा धागा या विसंगतीचा.

प्रथम शब्दाविषयी. मराठी घरात लॉफ्ट म्हणजे स्वयंपाकघरावरचा माळा. जुनी भांडी आणि दिवाळीचा आकाशकंदील ठेवण्याची जागा. न्यूयॉर्कचा लॉफ्ट म्हणजे कोठार अथवा कारखान्याच्या इमारतीतील, मध्ये भिंती नसलेला अख्खा मजला. तेथील भूखंड सामान्यतः २५ फूट रुंद आणि १०० फूट खोल असे, म्हणजे एकेक मजला सुमारे अडीच हजार चौरस फुटांचा. यंत्रे मांडण्यासाठी वा कापडाचे गठ्ठे रचण्यासाठी ही जागा उत्तम. कुटुंबाने राहावे असे तिच्यात काहीही नव्हते.

ब्रॉडवे आणि ब्रूम स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावर १८५७ साली उभी राहिलेली हाउआउट इमारत या परिसराची मूळ प्रकृती दाखवते. तळमजल्यावर चिनी मातीची व काचेची भांडी विकण्याचे आलिशान दालन, वर त्याच व्यवसायाची कामाची जागा. अब्राहम लिंकन यांच्या पत्नीने व्हाइट हाउससाठी भांड्यांचा संच येथूनच मागवला. ग्राहकांना वर नेण्यासाठी एलिशा ओटिस यांनी येथे बसवलेली लिफ्ट ही व्यापारी इमारतीतील प्रवासी लिफ्टचे पहिले यशस्वी उदाहरण मानली जाते. दुकान आणि कारखाना एकाच छपराखाली नांदत होते. पुण्याच्या पेठा अथवा गिरगाव ज्यांनी पाहिले आहे, त्यांना दुकानाच्या डोक्यावर दुसरा संसार ही रचना मुळीच नवखी वाटणार नाही.

या इमारतीचा दर्शनी भाग डॅनियल बॅजर यांच्या ओतशाळेत तयार झाला. साच्यात ओतलेले बिडाचे भाग जागेवर आणायचे आणि बोल्टने जोडायचे. दगड घडवण्यापेक्षा हे काम स्वस्त व झटपट होई आणि खांब सडपातळ असल्याने खिडक्या मोठ्या ठेवता येत. याच युगाचा एक अवशेष मुंबईत काळा घोड्याजवळ उभा आहे. १८६०च्या दशकात बांधलेल्या वॉटसन हॉटेलचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून जहाजाने आणला गेला. आज ती इमारत एस्प्लनेड मॅन्शन या नावाने ओळखली जाते.

विसाव्या शतकात सोहोतील श्रीमंत दुकाने उत्तरेकडे सरकली. मागे राहिले ते शिवणकाम, चिंध्यांचे गठ्ठे, पुठ्ठ्याची खोकी, छपाई आणि लहानसहान यंत्रशाळा. बीड जळत नाही हे खरे. पण तापलेल्या बिडावर बंबाचे थंड पाणी पडले की ते तडकते, आणि आतल्या लाकडी तक्तपोशी तर कोरड्या इंधनासारख्याच होत्या. वारंवार लागणाऱ्या आगींमुळे या परिसराला ‘नरकाचे शंभर एकर’ असे नाव पडले. १९६१च्या नव्या वापर-विभागणीच्या नियमांनी येथे उद्योगाला जागा दिली आणि निवासाला पूर्ण मज्जाव केला. १९६२ साली सिटी क्लब या नागरी संस्थेने हा भाग शहरातील ओसाड जमिनीत जमा करून टाकला.

तथापि ज्याला ओसाड म्हटले गेले, तेथे हजारो लोक रोज कामाला येत होते. नियोजन आयोगासाठी चेस्टर रॅपकिन या अभ्यासकाने १९६३ साली हाउस्टन स्ट्रीटच्या दक्षिणेकडील औद्योगिक पट्ट्याचा अहवाल सादर केला. येथील कारखाने बव्हंशी चालू स्थितीत होते. कामगारांत कृष्णवर्णीय आणि प्वेर्तो रिको येथून आलेल्या लोकांचा, विशेषतः स्त्रियांचा, भरणा मोठा होता. ही जागा गेली तर त्यांना इतरत्र काम मिळणे कठीण, म्हणून इमारती पाडू नयेत, असा त्याचा निष्कर्ष होता. सोहोच्या लोकप्रिय कथेत या स्त्रिया सहसा दिसत नाहीत. ‘रिकाम्या इमारतीत कलावंत आले’ एवढेच सांगितले जाते. इमारती पूर्ण रिकाम्या नव्हत्या. त्या रिकाम्या होत गेल्या, आणि त्याला कारणे होती.

एक कारण सर्वपरिचित आहे. उद्योग आडव्या, एकमजली, ट्रक थेट आत घेणाऱ्या उपनगरी शेडकडे वळत होते. मालाच्या एका लिफ्टवर अवलंबून असलेले पाच मजले परवडेनासे झाले. दुसरे कारण नकाशावरची एक रेघ. रॉबर्ट मोझेस यांच्या योजनेनुसार हॉलंड बोगदा आणि पूर्वेकडील दोन पूल यांना जोडणारा दहा पदरी द्रुतगती मार्ग ब्रूम स्ट्रीटवरून जाणार होता. त्याखाली सुमारे दोन हजार कुटुंबे आणि शेकडो व्यवसाय उठले असते. हाउआउट इमारतही त्याच रेषेत होती. जी इमारत केव्हाही पाडली जाईल, तिच्या दुरुस्तीवर कोणता मालक पैसा घालील? दीर्घ मुदतीचा भाडेकरारही कोणी करीना. रस्ता अखेर झालाच नाही, पण नुसत्या आराखड्यानेच भाडी पाडली. जेन जेकब्स यांना १९६८च्या एप्रिलमध्ये या मार्गाच्या सुनावणीच्या वेळी अटक झाली, ही घटना प्रसिद्ध आहे. १९६९ साली तो नकाशावरून कायमचा पुसला गेला, तोवर स्वस्त झालेले मजले नव्या रहिवाशांनी व्यापले होते.

हे रहिवासी चित्रकार, शिल्पकार, नर्तक आणि चित्रपटकार होते. त्यांना उंच छत, उत्तरेचा उजेड आणि अवजड वस्तू पेलणारी जमीन हवी होती. राहणे बेकायदा, म्हणून पलंग कपाटात दडवावा, चूल झाकावी, कचरा रात्री दूर नेऊन टाकावा, अशी रीत पडली. १९६१ साली कलावंतांच्या संघटनेने प्रदर्शनांवर बहिष्काराची धमकी दिली, तेव्हा महापालिकेने तडजोड केली. इमारतीच्या दाराशी ‘ए. आय. आर.’ ही अक्षरे आणि मजल्याचा क्रमांक लिहिलेली पाटी लावायची, म्हणजे आग लागल्यास वर माणूस राहतो हे जवानांना कळावे. निवासाच्या अधिकाराची पहिली खूण अशी अग्निशमन दलासाठी लागली.

संडास, नळ, विजेच्या तारा हे सारे रहिवाशांनी पदरमोड करून केले होते. जागा सोडताना त्या ‘सामानाची’ किंमत नव्या माणसाकडून वसूल करण्याची प्रथा पडली. मुंबईकराला याचे स्पष्टीकरण लागू नये. पगडीचीच ती सख्खी बहीण. सोहोत बाजार प्रथम शिरला तो येथून, दुकानांच्या दारातून नव्हे.

१९६७ साली लिथुएनियात जन्मलेल्या जॉर्ज मॅच्युनस यांनी वूस्टर स्ट्रीटवरील ८० क्रमांकाची इमारत कलावंतांच्या सहकारी संस्थेसाठी घेतली. फ्लक्सस या कलाचळवळीचे हे प्रवर्तक विलक्षण गृहस्थ होते. प्रत्येकाने भाग घ्यायचा, एकेक मजला घ्यायचा, डागडुजी आपण करायची. तळमजल्यावर जोनास मेकास यांचे प्रायोगिक चित्रपटगृह आले. कागदपत्रांच्या नावाने मात्र आनंद होता. संस्थेच्या भागविक्रीसाठी राज्याच्या महाधिवक्त्याकडे करावयाची नोंदणी मॅच्युनस यांनी केलीच नाही. उलट अधिकारी येऊ नयेत म्हणून दाराला धारदार पाती बसवली आणि आपण परदेशात आहोत असे भासवणारी पत्रे जगभरातून टपालात टाकवली. १९७५ साली थकलेल्या देण्यावरून झालेल्या मारहाणीत त्यांचा एक डोळा गेला. त्यानंतर ते शहर सोडून गेले. त्यांनी उभ्या केलेल्या संस्थांतील मजल्यांना पुढे जे मोल आले, त्याचा लाभ त्यांच्या वाट्याला आला नाही.

१९७१ साली शहराने या वास्तवाला कायद्यात बसवले. येथे नियमकर्त्यांची खरी कसोटी होती. निवास सरसकट मान्य करावा, तर घरमालक कारखाने हुसकावून घरे करतील. अमान्य करावा, तर हजारो लोकांना रस्त्यावर काढावे लागेल. त्यांनी काढलेली तोड चतुर होती. ‘कलावंतांचे संयुक्त निवास-कार्यस्थान’ असा नवा वर्ग निर्माण केला आणि तो निवासात न घालता उत्पादनाच्या गटात घातला. कायद्याच्या लेखी चित्रकार हा कारखानदार ठरला! त्यासाठी सांस्कृतिक खात्याकडून आपण कलावंत असल्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागे. मोठ्या इमारती उद्योगासाठी राखीव राहिल्या. सत्तरच्या दशकात आकाराला आलेल्या या नियमांनी बहुतांश भागातील तळमजलाही उद्योग, घाऊक व्यापार आणि गोदामे यांच्यासाठी राखला. किरकोळ दुकानाला वा खाणावळीला तेथे सहज प्रवेश नव्हता.

तळमजल्याबाबत एवढी कठोरता का? कारण मालाची चढउतार तेथेच होते. धक्का गेला की वरच्या मजल्यावरचा कारखानाही जातो. शिवाय दुकानदार देऊ शकतो ते भाडे पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखानदार कधीच देऊ शकत नाही. मनाईमागचे हे तर्कशास्त्र अचूक होते. चूक होती ती एवढीच की, ज्याला वर राहू दिले त्याच्या पाठोपाठ येणाऱ्या ग्राहकाचा हिशेब कोणी केला नव्हता.

पॉला कूपर यांचे कलादालन १९६८ सालीच सुरू झाले होते. १९७१ साली लिओ कॅस्टेली आणि इतर मातब्बर विक्रेते वेस्ट ब्रॉडवेवरील ४२० क्रमांकात आले. त्याच वर्षी गॉर्डन मॅटा-क्लार्क आणि त्यांच्या मित्रमंडळींनी प्रिन्स स्ट्रीटवर ‘फूड’ नावाचे उपाहारगृह काढले. चित्रे पाहायला माणसे आली, त्यांना भूक लागली, मग त्यांना कपडे हवे झाले. १९७३ साली परिसराला ऐतिहासिक दर्जा मिळाला, त्यामुळे इमारती सुरक्षित झाल्या. दर्जा दर्शनी भागाला होता. आतल्या शिलाई यंत्राला असे संरक्षण नसते. सत्तरीच्या मध्यापासून लॉफ्टचे घरात रूपांतर करणाऱ्या मालकांना करसवलतही मिळू लागली, म्हणजे एका हाताने उद्योग राखायचा आणि दुसऱ्या हाताने त्याला बाहेर काढण्यासाठी अनुदान द्यायचे. १९८२च्या लॉफ्ट कायद्याने शहरभरातील अनधिकृत लॉफ्टवासीयांना संरक्षण दिले, आणि त्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ शॅरन झुकिन यांचे ‘लॉफ्ट लिव्हिंग’ हे पुस्तक आले. कलावंत हे या बदलाचे शिल्पकार नसून भांडवलाचे अजाणते वाटाडे ठरले, असे त्यांचे प्रतिपादन होते. ते काहीसे कठोर वाटते, पण खोडून काढणे अवघड आहे.

१९९२ साली गुगेनहाइम संग्रहालयाने ब्रॉडवेवरील ५७५ क्रमांकात शाखा उघडली. दहा वर्षे होण्यापूर्वीच त्याच जागेत रेम कूलहास यांनी रचलेले प्राडाचे दुकान आले. तोवर बहुतेक कलादालने चेल्सीकडे निघून गेली होती. तळमजल्यांवरची दुकाने काही विशेष परवान्याने चालत, काही जुन्या वापराच्या आधारावर, तर काही उघडपणे नियमाबाहेर. परवान्यासाठी उद्योगाला जागा देण्याचा प्रामाणिक प्रयत्न करूनही कोणी आला नाही, हे दाखवण्याचा एक मार्ग होता. ज्या रस्त्यावर कारखानदार पाय ठेवू शकत नाही तेथे त्याच्यासाठी जाहिरात द्यायची आणि तो न आल्याचा पुरावा जोडायचा, असा तो विधी होऊन बसला. वर राहणाऱ्यांतही प्रमाणपत्र नसलेल्यांचे प्रमाण वाढत गेले, आणि तपासणी करणारे कोणी नव्हते.

१५ डिसेंबर २०२१ रोजी नगर परिषदेने सोहो आणि शेजारच्या नोहोचे नियम बदलले. किरकोळ विक्रीला तळमजला रीतसर खुला झाला, नव्या निवासाला परवानगी मिळाली, आणि नव्या घरांत परवडणाऱ्या घरांचा वाटा सक्तीचा झाला. कलावंतांसाठीचा लॉफ्ट साध्या घरात बदलायचा असल्यास दर चौरस फुटामागे १०० डॉलर कलानिधीत भरण्याची अट आली. जुने रहिवासी या अटीवर संतापले. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी स्वहस्ते नळ जोडले, त्यांनाच घर घर म्हणवून घेण्यासाठी लाखो डॉलर मोजावे लागणार होते. रॅपकिन यांच्या अहवालातील शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांच्या वतीने बोलायला मात्र त्या चर्चेत कोणी उरले नव्हते.

स्प्रिंग स्ट्रीटवरील १०१ क्रमांकाची पाच मजली बिडाची इमारत शिल्पकार डोनल्ड जड यांनी १९६८ साली ६८ हजार डॉलरला घेतली होती. त्यांच्या मृत्यूनंतर ती त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाकडे आली आणि दुरुस्तीनंतर २०१३ साली लोकांसाठी खुली झाली. चारही बाजूंना दुकानांचे दिवे असताना तिच्या तळमजल्याच्या मोठ्या काचांमागे विकायला काहीही मांडलेले नाही.