दप्तरात अडलेले इशारे

अमेरिकेच्या कोलोराडो राज्यातील कोलंबाइन हायस्कुलात २० एप्रिल १९९९ रोजी दोन विद्यार्थ्यांनी बारा सहाध्यायी आणि एक शिक्षक यांचे प्राण घेतले, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्याच्या वर्षभराहून अधिक काळ आधी, मार्च १९९८ मध्ये, एका सहाध्याय्याच्या मातापित्यांनी त्या दोघांपैकी एकाच्या संकेतस्थळावरील धमक्यांविषयी जेफरसन परगण्याच्या शेरीफ कचेरीत रीतसर तक्रार गुदरली होती, आणि त्या तक्रारीवरून झडतीच्या वॉरंटासाठी शपथपत्राचा मसुदाही तयार झाला होता, ही गोष्ट फार थोड्यांच्या स्मरणात आहे. तो मसुदा न्यायाधीशापुढे कधी रुजू झालाच नाही. आणि तो होता, हेसुद्धा जनतेला २००१ साली कळले.

या विषयाचा पुढचा सारा इतिहास मला त्या मसुद्यातच सामावलेला दिसतो. इशारा होता, तो देणारे नागरिक होते, तो नोंदवून घेणारा अंमलदारही होता; त्याला पुढच्या पायरीवर नेण्याचे उत्तरदायित्व मात्र कोणाच्याच शिरी नव्हते.

२००२ साली अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने शिक्षण खात्याच्या सहकार्याने शाळांवरील ३७ हल्ल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा पाचांपैकी चारांहून अधिक घटनांत हल्लेखोराचा मनोदय निदान एका व्यक्तीला, बहुधा मित्राला किंवा वर्गबंधूला, आधीच ठाऊक होता असे निष्पन्न झाले. मुलांना निनावी खबर देता यावी म्हणून कोलोराडोत २००४ साली ‘सेफ टू टेल’ ही योजना सुरू झाली. पुढे समाजमाध्यमे आली आणि जे मित्राच्या कानात सांगितले जाई, ते तारीख-वेळेसह अनोळखी माणसांच्याही दृष्टीस पडू लागले. इशारे वाढले, दप्तराचा शिरस्ता तोच राहिला. सप्टेंबर २०१७ मध्ये मिसिसिपीतील एका गृहस्थाने एका तरुणाची यूट्यूबवरील धमकी एफबीआयच्या नजरेस आणली. जानेवारी २०१८ मध्ये त्याच तरुणाविषयी परिचिताने दूरध्वनीवरून सविस्तर माहिती दिली, पण ती एफबीआयच्या मायामी कचेरीपर्यंत पोहोचलीच नाही. आणि १४ फेब्रुवारीस फ्लोरिडातील पार्कलंड येथे त्याच्या हातून सतरा जण मारले गेले.

त्यानंतरच्या महिन्यात फ्लोरिडाने, धोकादायक ठरलेल्या व्यक्तीची शस्त्रे न्यायालयाच्या हुकुमाने काही काळ काढून घेण्याचा अखत्यार पोलिसांना दिला. कनेटिकटात तसा कायदा १९९९ पासूनच होता. पोरवयातल्या उद्दाम वाक्यावरून एखाद्याला गुन्हेगार ठरवले जाण्याची भीती खरी आहे, आणि म्हणूनच पुरावा न्यायासनापुढे मांडायला लावणारा हा मार्ग मला अधिक न्याय्य वाटतो. पण कायदा असूनही अर्ज कोणी करायचा, हा प्रश्न उरलाच. न्यूयॉर्क राज्यात २०२१ साली एका शाळकरी तरुणाला हिंसक उद्गारांवरून मनोवैद्यकीय तपासणीसाठी नेण्यात आले, तरी त्याच्या बाबतीत असा हुकूम कोणी मागितला नाही. मे २०२२ मध्ये त्याने बफेलो येथील दुकानात दहा जणांना ठार केले, आणि त्याने आपला बेत डिस्कॉर्डवर महिनोन्महिने लिहून ठेवल्याचे उघड झाले. त्याच महिन्यात गव्हर्नर कॅथी होकल यांनी फर्मान काढले, की धोक्याचा सबळ संशय असेल तेथे राज्य पोलिसांनी असा अर्ज केलाच पाहिजे.