रेडिओ-नियंत्रित गाड्यांतील विद्युत मोटारींचे शीतन : हीट सिंक व पंख्याच्या निवडीचा इतिहास

प्रस्तावना

तंत्रज्ञानाच्या इतिहासलेखनात खेळण्याला सहसा तळटीपेचीच जागा मिळते. परंतु एखादे खेळणे मोठ्या यंत्राच्या सर्व अडचणी लहान आकारात भोगू लागते, तेव्हा ते अभ्यासाचे साधन ठरते. रेडिओ-नियंत्रित विद्युत गाडी हे त्याचे एक उदाहरण होय. जपानमधील तामिया कंपनीने १९७६ मध्ये पोर्श ९३४ ची १:१२ प्रमाणातील रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती बाजारात आणली. तीत माबुची कंपनीची आर.एस.-५४० ही मोटार होती. सुमारे ३६ मिलिमीटर व्यासाचा व ५० मिलिमीटर लांबीचा हा पोलादी डबा पुढे इतका रूढ झाला की ‘५४०’ हे एका आकारमानाचेच नाव बनले. मोटारीचे बाह्यरूप काही दशके टिकले; तिला थंड ठेवण्याची साधने मात्र बदलत गेली.

हा बदल सामान्यतः शक्तिवाढीचा परिणाम म्हणून सांगितला जातो. शक्ती वाढली, उष्णता वाढली, म्हणून पंखे आले, असे हे स्पष्टीकरण आहे. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. उष्णता किती, याहून ती कोठे निर्माण होते हा प्रश्न साधनांच्या निवडीत अधिक निर्णायक ठरला, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

उष्णतेचा जमाखर्च

१९८० च्या दशकात या गाड्यांत १,२०० मिलिअँपिअर-तास क्षमतेचे सहा निकेल-कॅडमियम सेल सर्रास वापरले जात. ७.२ व्होल्टच्या अशा संचात सुमारे ३१ किलोज्यूल ऊर्जा मावते. १:१२ वर्गाची स्पर्धा ८ मिनिटांची असे. म्हणजे सरासरी प्रवाह ९ अँपिअरच्या पुढे नेणे परवडत नसे. मोटारीची कार्यक्षमता ७० टक्के धरल्यास ३१ पैकी सुमारे ९ किलोज्यूल उष्णतेच्या रूपाने मोटारीतच राहतात. मोटारीचे वजन साधारण १६० ग्रॅम, त्यात मुख्यतः लोखंड व तांबे. तिचे तापमान एक अंशाने वाढण्यास ढोबळमानाने ७० ज्यूल लागतात. उष्णता अजिबात बाहेर गेली नाही, तर ८ मिनिटांत तापमान सुमारे १३० अंश सेल्सिअसने वाढेल. डब्याचा वर्तुळाकार पृष्ठभाग अवघा ५६ चौरस सेंटिमीटर. तो भोवतालच्या हवेपेक्षा ५० अंशांनी तापलेला असताना स्थिर हवेत ३ वॉटच्या आसपास आणि वाहत्या हवेत १० ते १२ वॉट उष्णता बाहेर टाकतो. निर्मिती मात्र सरासरी १९ वॉटची असते. जमाखर्च तुटीचाच होता, पण बॅटरी वेळेवर संपत असे, म्हणून मोटार वाचत असे.

या तुटीला एक दुष्टचक्रही जोडलेले होते. तांब्याचा रोध दर अंशामागे सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो, तर फेराइट चुंबकाचे बल सुमारे ०.२ टक्क्याने घटते. वेटोळी १०० अंशांनी आणि चुंबक ५० अंशांनी तापले, तर तेवढाच पीळ मिळवण्यासाठी वेटोळ्यांत पूर्वीच्या सुमारे १.७ पट उष्णता निर्माण होते. तापलेली मोटार स्वतःलाच अधिक तापवते.

ब्रशच्या मोटारीचा काळ

प्रारंभीच्या गाड्यांत मोटारीपेक्षाही तापणारी एक वस्तू असे, ती म्हणजे वेगनियंत्रकाचा रेझिस्टर. अर्ध्या वेगाने चालायचे तर उरलेली ऊर्जा या तारेच्या गुंडाळीत जाळून टाकली जाई. गाडीतील पहिले खरे उष्णताविसर्जन साधन म्हणजे हा उघड्यावर बसवलेला रेझिस्टर होय, असे म्हणावयास हरकत नाही. इलेक्ट्रॉनिक वेगनियंत्रक रूढ झाल्यावर हे काम फील्ड-इफेक्ट ट्रान्झिस्टरांकडे गेले आणि त्यांच्या पाठीवर अ‍ॅल्युमिनियमचे छोटे हीट सिंक दिसू लागले. तेथे ते योग्यच होते, कारण उष्णता ट्रान्झिस्टरच्या चकतीत जन्म घेई आणि धातूतून थेट हीट सिंकपर्यंत पोहोचे.

मोटारीची गोष्ट निराळी होती. ब्रशच्या मोटारीत चुंबक डब्याला आतून चिकटलेले असतात आणि वेटोळी फिरत्या आर्मेचरवर असतात. म्हणजे उष्णता मध्यभागी निर्माण होते आणि डब्यापर्यंत येण्यासाठी तिला हवेची फट ओलांडावी लागते. हवेची उष्णतावाहकता तांब्याच्या सुमारे पंधरा-हजारांश आहे. दुसरी वाट आस, कम्युटेटर व कार्बन ब्रश यांतून जाते, तीही अरुंद. अशा मोटारीच्या डब्यावर पट्ट्यापट्ट्यांचे हीट सिंक चढवणे म्हणजे माजघरात चूल पेटली असताना अंगणाच्या भिंतीवर पाणी मारण्यासारखे होते. ते सर्वस्वी निरुपयोगी नव्हते, कारण चुंबक डब्यालगत असल्याने तेवढे थंड राहत. परंतु वेटोळ्यांना खरा दिलासा डब्याच्या खिडक्यांतून आत शिरणाऱ्या हवेनेच मिळे. त्या खिडक्यांतून मातीही शिरे, आणि कच्च्या रस्त्यावरील गाड्यांना शीतन व स्वच्छता यांत निवड करणे भाग पडे. ब्रशच्या पितळी खोबणीला लावलेल्या लहान हीट सिंकला डब्यावरील मोठ्या हीट सिंकपेक्षा तांत्रिक आधार अधिक होता, कारण कम्युटेटरची उष्णता तेथवर घन पदार्थातून येत असे. मोठे हीट सिंक मात्र डोळ्यांत भरे.

ब्रशलेस मोटार व लिथियम बॅटरी

२००० च्या दशकात दोन बदल पाठोपाठ आले. ब्रशलेस मोटारीत रचना उलटी झाली. वेटोळी स्थिर राहून डब्याच्या आतील बाजूस लोखंडी गाभ्यात बसली आणि चुंबक आसावर फिरू लागले. उष्णतेचे जन्मस्थान बाहेर आले. गाभा व डबा यांचा घट्ट संपर्क असल्याने तिला बाहेर पडण्यास धातूची सलग वाट मिळाली. जे हीट सिंक आदल्या पिढीत बव्हंशी शोभेचे होते, तेच जवळजवळ त्याच आकारात आता उपयोगी ठरले. वस्तू फारशी बदलली नाही. तिच्या आतील यंत्र बदलले. केवळ बाह्य वस्तू पाहून कालक्रम मांडणाऱ्या अभ्यासकाच्या नजरेतून हा फरक सहज निसटतो.

दुसरा बदल बॅटरीचा. ७.४ व्होल्ट, ५,००० मिलिअँपिअर-तासांच्या लिथियम-पॉलिमर संचात १३३ किलोज्यूल, म्हणजे जुन्या संचाच्या चौपटीहून अधिक ऊर्जा असते. कार्यक्षमता ८० टक्के धरली तरी सुमारे २७ किलोज्यूल उष्णता उरते. पूर्वीच्या मोटारीएवढ्या धातूत ती साठवायची म्हटले तर वाढ ३५० अंशांच्याही पुढे जाईल. पहिल्या पिढीला उष्णता काही मिनिटे पोटात ठेवून भागवता येत होते. छंद म्हणून बॅटरी संपेपर्यंत गाडी पळवणाऱ्या नव्या पिढीला ती बाहेर टाकणे अनिवार्य झाले. त्यात फिरते चुंबक निओडिमियमचे. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात जपानमध्ये मासातो सागावा यांनी व अमेरिकेत जनरल मोटर्सच्या संशोधकांनी स्वतंत्रपणे पुढे आणलेले हे चुंबक अतिशय बलवान असतात, परंतु त्यांची सामान्य प्रत ८० अंशांच्या पुढे सोसत नाही. उच्च तापमानाच्या प्रती १५० अंश व त्याहून अधिक सोसतात, पण त्या महाग पडतात. मर्यादा ओलांडल्यास गेलेले चुंबकत्व थंड झाल्यावरही पूर्णपणे परत येत नाही.

पंख्याची निवड

१९९० च्या दशकात संगणकाच्या प्रक्रियकांवर छोटे पंखे बसू लागले. ३० व ४० मिलिमीटरचे असे पंखे पुढे या गाड्यांतही आले. गंमत अशी की, हे पंखे स्वतः ब्रशलेस मोटारीवर चालत; छंदी लोकांच्या गाडीत त्या मोटारीचा प्रवेश अनेकदा असा मागील दाराने झाला.

एकाच वेगाने फिरणाऱ्या, एकाच घडणीच्या पंख्यांत हवेचा प्रवाह व्यासाच्या घनाप्रमाणे बदलतो. त्यामुळे ४० मिलिमीटरचा पंखा ३० मिलिमीटरच्या पंख्यापेक्षा सुमारे २.४ पट हवा देऊ शकतो. मोठा पंखा सावकाश फिरवूनही काम भागते आणि त्याचे बेअरिंग अधिक टिकते. याउलट लहान पंख्याचा वेग वाढवल्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. ६ व्होल्टचा पंखा पूर्ण भारित लिथियम संचाच्या ८.४ व्होल्टवर थेट जोडला, तर तो काही काळ जोमाने फिरतो व लवकर निकामी होतो. हीट सिंक व डबा यांच्यात केसाएवढी फट राहिली तरी पंख्याचा बराचसा लाभ वाया जातो. बंद पॉलिकार्बोनेटच्या कवचाखाली पंखा तीच गरम हवा पुन्हा मोटारीवर फेकतो. आणि पिनियनचे दात गरजेपेक्षा अधिक असतील, तर मोटार जास्त प्रवाह ओढते; तेथे पंखा बदलण्यापेक्षा पिनियन बदलणे स्वस्त व परिणामकारक असते.

या विषयाच्या अभ्यासकाला एक सावधगिरी बाळगावी लागते. तापमानाचे आकडे बहुधा डब्याच्या पृष्ठभागाचे असतात. ब्रशच्या मोटारीत डबा हा तुलनेने थंड भाग असल्याने तो आकडा आतील संकट लपवतो. ब्रशलेस मोटारीत तो वेटोळ्यांच्या जवळचा असतो, पण फिरत्या चुंबकाविषयी फारसे सांगत नाही. शिवाय अवरक्त तापमापक चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर धरल्यास प्रत्यक्षापेक्षा बरेच कमी तापमान दाखवतो, काळ्या अ‍ॅनोडाइज्ड पृष्ठभागावर जवळपास खरे. त्यामुळे दोन काळांतील आकडे शेजारी ठेवण्यापूर्वी मोटार कोणत्या रचनेची होती, तापमान कशाने मोजले आणि ज्या पृष्ठभागावर मोजले तो कसा होता, हे आधी निश्चित करावे लागते.