परक्यांना घर देणारे गाव : जीव्हर्नी

चित्रकाराचे नाव अजरामर होते. त्याला निवारा देणारे गाव मात्र इतिहासाच्या समासात राहून जाते. फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातील जीव्हर्नी हे गाव याला अपवाद आहे, पण अर्धाच. त्याची कीर्ती जगभर पसरली खरी, परंतु ती क्लोद मोने या एकाच नावाच्या आडून.

पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकावरून आगगाडीने व्हेर्नोंला उतरावे आणि सीन नदी ओलांडावी. तेथून सुमारे पाच किलोमीटरवर जीव्हर्नी लागते. बहुतेक प्रवासी मोने यांची बाग आणि कमळांचे तळे पाहून माघारी वळतात. गावाचा खरा इतिहास मात्र बागेच्या फाटकापासून चर्चकडे जाणाऱ्या एकाच रस्त्यावर मांडलेला आहे. तो रस्ता पायीच चालावा.

पहिले घर अर्थातच मोने यांचे. १८८३ साली ते येथे भाडेकरू म्हणून आले आणि १८९० साली त्यांनी ते घर विकत घेतले. त्यांचे दोन मुलगे, आलीस ओशदे आणि आलीसची सहा मुले असा दहा जणांचा तो संसार होता. आलीसचे पती एर्नेस्त हयात होते. मोने व आलीस यांचा विवाह झालेला नव्हता. शेतीवर जगणाऱ्या गावाने या कुटुंबाकडे काही काळ संशयाने पाहिले. १८९३ साली तळ्यासाठी एप्त नदीच्या फाट्याचे पाणी घेण्याची परवानगी मोने यांनी मागितली, तेव्हा परदेशी वनस्पतींमुळे पाणी नासेल म्हणून गावकऱ्यांनी हरकत घेतली. ज्यांची गुरे तेच पाणी पीत, त्यांच्या भीतीला हसण्याचे कारण नाही.

पुढे त्याच रस्त्यावर बोदी यांचे हॉटेल आहे. मूळचे ते किराणा मालाचे दुकान व पेयगृह. १८८७ च्या सुमारास विलर्ड मेटकाफ, थिओडोर रॉबिन्सन, जॉन लेस्ली ब्रेक आदी उत्तर अमेरिकेतील तरुण चित्रकार येथे येऊ लागले. मेटकाफ यांचा अवतार पाहून मादाम आंजेलिना बोदी यांनी प्रथम त्यांना दारातूनच परतवले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, पुढे याच बाईंनी खोल्या वाढविल्या, बागेत चित्रशाळा उभारली, रंग व कॅनव्हास विक्रीस ठेवले आणि पैशांऐवजी चित्रेही स्वीकारली. १८९४ साली पॉल सेझानही येथे उतरले होते. उघड्यावर बसून क्षणाक्षणाला पालटणारा प्रकाश टिपण्याची दृक्प्रत्ययवादी रीत ही मंडळी येथे शिकली. पण मोने यांनी कुणालाही रीतसर शिष्य केले नाही. चित्रकारांची वसाहत नांदली ती मादाम बोदींच्या पंगतीमुळे, हे मान्य करावयास हवे.

गाव आणि पाहुणे यांची सोयरीक १८९२ साली झाली. अमेरिकन चित्रकार थिओडोर बटलर यांनी आलीसची कन्या सुझान हिला मागणी घातली. मोने यांनी आधी कडाडून विरोध केला, मग संमती दिली. एर्नेस्त १८९१ मध्ये निवर्तले होते. सुझानला पित्याच्या नात्याने हात देता यावा म्हणून मोने व आलीस १६ जुलैला विवाहबद्ध झाले आणि २० जुलैला सुझानचे लग्न लागले. नगरसभागृहातून चर्चकडे निघालेली ती वरात रॉबिन्सन यांनी ‘द वेडिंग मार्च’ या चित्रात रंगविली. १९१४ च्या महायुद्धाने वसाहत पांगली. तिच्या स्मरणार्थ १९९२ साली याच रस्त्यावर अमेरिकन कलेचे संग्रहालय उघडले. २००९ पासून ते दृक्प्रत्ययवादी कलेचे संग्रहालय म्हणून चालते.

रस्ता संपत येतो तेथे संत रादगोंद यांचे चर्च आहे. सहाव्या शतकातील या फ्रँक राणीने राजवैभव त्यागून पुआतिए येथे मठ स्थापिला होता. चर्चच्या दफनभूमीत मोने विसावले आहेत. ते श्रद्धावंत नव्हते. ५ डिसेंबर १९२६ रोजी ते वारले, तेव्हा त्यांच्यावर अंत्यविधीची प्रार्थना झाली नाही. तरीही जागा मिळाली ती चर्चच्या सावलीत. त्याच कुटुंबाच्या थडग्यात आलीस आहे, सुझान आहे, आणि ज्यांचा संसार मोडला ते एर्नेस्तही आहेत. जवळच १९४४ च्या जूनमध्ये कोसळलेल्या ब्रिटिश लँकेस्टर विमानातील सात जण चिरनिद्रा घेत आहेत.

बाग मोने यांनी फुलविली. पाण्यासाठी भांडलेल्या गावाने मात्र बुद्धिवादी, परधर्मी, परदेशी असा भेद न करता आपली माती सर्वांना दिली. जीव्हर्नीला जाणाऱ्याने तळ्यावरची कमळे जरूर पाहावीत. पण परतण्यापूर्वी या मातीपाशीही क्षणभर थांबावे.