रात्रीची शाळा आणि गिरणीकामगाराचे मूल

मुलगा परीक्षेत मागे पडला की आपण दोन कारणे सांगून मोकळे होतो. त्याला बुद्धी नाही, नाही तर बापाचे लक्ष नाही. मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास पाहिला म्हणजे ही दोन्ही उत्तरे किती अपुरी आहेत ते कळते.

१८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांच्या मुलाला कारखान्यात लावण्यास मुभा होती, आणि त्याच्याकडून दिवसाला नऊ तास काम घेता येई. १८९१ साली वयाची अट नऊ झाली, कामाचे तास सात झाले. बारा वर्षांची अट यावयास १९२२ साल उजाडावे लागले. पोराच्या चार पैशांवाचून घर चालत नसेल तर आईबापांनी काय करावे? गोखल्यांनी १९११ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा स्थानिक संस्थांना देणारे विधेयक मांडले. पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले.

मूल शाळेकडे येऊ शकत नसेल तर शाळेनेच आपली वेळ बदलावी, हा विचार जोतीरावांनी १८५५ सालीच पुण्यात रात्रीची शाळा काढून आचरणात आणला होता. मुंबईत १९११ साली ना. म. जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीग स्थापली आणि कामगारवस्तीत रात्रीच्या शाळा व वाचनालये चालविली. पुढे १९२० साली आयटकच्या स्थापनेत हेच जोशी होते. संघटना आणि साक्षरता त्यांनी वेगळी मानली नाही.

परंतु दिवसभर राबलेल्या मुलाचे डोळे रात्री मिटणारच. त्याला जेवण हवे, जागा हवी, सोबत हवी. हे कर्मवीर भाऊराव पाटलांनी ओळखले. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापली, आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह उघडले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एका पंक्तीला जेवत, शेतात राबत आणि दिव्याभोवती अभ्यास करीत. घर, शाळा आणि श्रम एका छपराखाली आले, तशी ‘बुद्धी नसलेली’ मुले शिकली!

हे मी नुसते वाचून बोलत नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होतो. घरातला पगार थांबला आणि वर्षभरात माझी शाळा सुटली. पुढचे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीतल्या एका कपाटाने शिकविले. कपाट उघडून देणारा कोणीतरी होता, एवढाच माझ्यात आणि माझ्या वर्गबंधूंत फरक.

२००९ साली सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाच्या हक्काचा कायदा झाला. तो मुलाला शाळेच्या दारापर्यंत नेतो. पण संध्याकाळी दहा बाय बाराच्या खोलीत ते वही कोठे उघडणार, हे कायदा पाहत नाही. ते आपण पाहावयाचे आहे. व्याख्यानमाला संपली की आपल्या सभागृहाला कुलूप लागेल. त्यातली एक खोली रोज संध्याकाळी उघडी ठेवता येईल काय, एवढे आज ठरवून उठू या.