गोळी तीच, मग गुण वेगळा का?

"डॉक्टर, माझ्या जावेला एका गोळीने बरं वाटतं. मला दोन घेऊनही रात्री छातीत जळजळ होतेच!" ही तक्रार तुम्हीही केली असेल. "पथ्य पाळत नसाल" असं म्हणून पूर्वी मीही मोकळा व्हायचो. पण दोष दर वेळी पेशंटचा नसतो. हे कसं कळलं, त्याची ही गोष्ट.

१९८४ मध्ये स्वित्झर्लंडमधील कुफर आणि प्रायसिग यांनी मेफेनिटॉइन या फिट्सवरील औषधाबद्दल एक निरीक्षण मांडलं. काही लोकांच्या यकृतात या औषधाचं विघटन फार कमी होतं आणि हा गुण आनुवंशिक असतो. यामागचं एन्झाइम म्हणजे सीवायपी२सी१९.

१९८८ मध्ये स्वीडनमध्ये ओमेप्राझोल बाजारात आलं. जठरातील आम्लाचा 'पंप' बंद करणारं हे पहिलं औषध. त्याचं विघटनही मुख्यतः याच एन्झाइममुळे होतं. एन्झाइम जोरात असेल, तर औषध लवकर संपतं आणि आम्ल पुन्हा वाढतं. १९९४ मध्ये या जनुकातला मुख्य दोष सापडला.

१९९८ मध्ये जपानमधील फुरुता व सहकाऱ्यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी जंतू असलेल्या ६२ रुग्णांना ओमेप्राझोल आणि अमॉक्सिसिलिन दिलं. विघटन झपाट्याने करणाऱ्या २८ पैकी ८ जणांचाच जंतू गेला. मध्यम गतीच्या २५ पैकी १५ जणांचा आणि मंद गतीच्या नऊच्या नऊ जणांचा गेला. डोस मात्र सगळ्यांना सारखाच होता! २००६ मध्ये हे काम अतिवेगाने करवणारा जनुकप्रकारही सापडला.

२०२० मध्ये 'सीपिक' या आंतरराष्ट्रीय गटाने मार्गदर्शक सूचना दिल्या. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, लॅन्सोप्राझोल यांचं विघटन अतिवेगाने होत असेल, तर सुरुवातीचा डोस ५० ते १०० टक्के वाढवावा. ते मंद असेल आणि १२ आठवड्यांहून जास्त उपचारांत गुण आला असेल, तर डोस निम्मा करण्याचा विचार करावा.

मग तुम्ही उद्याच ही तपासणी करावी का? नाही. आधी गोळी जेवणाआधी अर्धा तास घेता का, ते बघा. अनेकांचं काम तेवढ्यानेच होतं. तरीही गुण नसेल, तर डॉक्टरांशी बोला. हृदयासाठी क्लोपिडोग्रेल घेत असाल, तर आवर्जून सांगा. ओमेप्राझोलमुळे त्याचा परिणाम कमी होतो. गिळताना त्रास, काळी शौच किंवा विनाकारण वजन घटणं असेल, तर जनुकांचा विचार नंतर, एंडोस्कोपी आधी.

आणि डोस मात्र स्वतःच्या मनाने दुप्पट करू नका. जावेचा तर नकोच!